मदत हवी आहे: पाइप पेटवताना तंबाखूची चव बिघडते

नमस्कार मंडळी,

पाइप ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढत असलेल्या जाणकारांकडून मदत हवी आहे.

मी डोंबिवलीत राहतो. भावोजी इंग्लंडहून आले तेव्हा त्यांनी त्यांचा वापरलेला, ब्रायरच्या लाकडाचा पाइप आणि व्हर्जिनिया फ्लेक नावाच्या तंबाखूचा एक डबा मला दिला. डबा उघडला की सुकलेल्या गवताचा आणि मनुकांचा असा काही सुंदर वास येतो की नुसतं हुंगत बसावं. पेटवल्यावर मात्र त्यातलं फारसं काही हाती लागत नाही.

होतं काय, तर पहिल्या दोन-तीन झुरक्यांना गंधकाचा उग्र वास येतो आणि घसा खवखवतो. मग थोडा वेळ बरा जातो, मधूनच तो गोडवा लागतोही. अर्ध्यावर आलं की चव कडवट होते, जिभेचं टोक पोळल्यासारखं होतं आणि दांडीतून गुडगुड आवाज यायला लागतो. मध्येमध्ये सारखा विझतो. विझला की पुन्हा काडी, पुन्हा गंधक.

पेटवायला वाण्याकडची मेणाच्या काड्यांची पेटी वापरतो. एका मित्राचा पेट्रोलवर चालणारा लायटर वापरून पाहिला, तर सगळ्या तंबाखूला रॉकेलसारखा वास लागला. निळ्या ज्योतीचा जेट लायटर घरात आहे, त्याने झटकन पेटतो, पण पाइपचा काठ काळा पडला. भावोजींनी मनापासून दिलेली वस्तू आहे, ती खराब व्हायला नको.

तर चव नक्की कशाने बिघडते? काडीने, तंबाखूने की ओढण्याच्या पद्धतीने? तंबाखू वाईट हे मला ठाऊक आहे. एखाद्या रविवारी गॅलरीत बसून ओढतो आणि धूर छातीत घेत नाही. त्यापलीकडे वाढवायचा विचार नाही.

प्रतिसाद

चव कधी बिघडते ते तुम्ही व्यवस्थित लिहिलंय, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. सुरुवातीलाच घाण वास येत असेल तर दोष आगीचा. अर्ध्यावर कडवटपणा आणि गुडगुड असेल तर दोष ओलीचा आणि घाईचा. तुमच्याकडे दोन्ही आहेत, आणि माझ्या मते दुसरा मोठा आहे.

आधी आगीचं बघू. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक असतं. काडी ओढल्याबरोबर जो भपकारा येतो तो त्याचा. लोक तेवढ्यातच काडी पाइपवर धरतात आणि तो सगळा भपकारा तंबाखूतून ओढून घेतात. काडी ओढल्यावर ती थोडी आडवी धरा, गुल पूर्ण जळून काळं होऊ द्या आणि ज्योत पिवळी, शांत होऊन लाकडावर आली की मगच पाइपकडे न्या. मेणाची काडी मात्र यासाठी नकोच. तिच्यात गुल संपलं तरी मेण जळतच राहतं आणि त्याचा वास तंबाखूला लागतो. लांब लाकडी काडी घ्या. पेट्रोलचा लायटर बादच करा. गॅसचा साधा, मऊ पिवळ्या ज्योतीचा लायटर चालतो, कारण त्या गॅसला जळताना स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. जेट लायटर सिगारला ठीक आहे, पाइपला नाही. त्या ज्योतीने वरची पानं करपतात आणि ब्रायरचं लाकूडही जळतं.

आता पेटवणं. ज्योत तंबाखूला टेकवायची नाही, बोटाच्या पेराएवढी वर धरायची. हळू ओढलंत की ज्योत आपणच खाली वाकते. ती गोल फिरवत पाइपच्या सगळ्या तोंडावरून न्या. तंबाखू फुलून वर येईल, काळी पडेल आणि बहुधा विझेल. ते बरोबरच आहे. पहिली आग फक्त वरच्या थरातली ओल काढण्यासाठी असते. आता दट्ट्याने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या साधनाने, ती फुललेली तंबाखू समतल करा. जोर लावू नका, दट्ट्याच्या स्वतःच्या वजनाइतकाच दाब द्या. मग दुसऱ्यांदा पेटवा. खरा पाइप इथून सुरू होतो. पहिल्याच काडीवर भसाभसा ओढून जाळ करायला गेलात तर वरची साखर करपते आणि तो करपट वास शेवटपर्यंत सोबत राहतो.

युरोपात पाइप सावकाश ओढण्याच्या स्पर्धा होतात. प्रत्येकाला ३ ग्रॅम तंबाखू, दोन काड्या आणि पेटवायला एक मिनिट मिळतं. त्यानंतर ज्याचा पाइप सर्वांत उशिरा विझेल तो जिंकतो. मुरलेली माणसं एवढ्याशा तंबाखूवर तासन् तास काढतात. सांगायचं कारण, दोन काड्या पुरतात, पण त्यासाठी तंबाखू आधी तयार हवी.

आणि तुमची तंबाखू तयार नाही, असं मला वाटतं. फ्लेक म्हणजे पानं दाबून त्याची वडी करून कापलेल्या पट्ट्या. डब्यातून काढल्या की त्या बऱ्यापैकी ओलसर असतात. ती ओल जळताना वाफ होते, वाफेने जीभ पोळते, वाफ दांडीत थंड होऊन पाणी साचतं आणि गुडगुड ऐकू येते. ओली तंबाखू विझते म्हणून आपण जोरात ओढतो, जोरात ओढलं की आणखी गरम. व्हर्जिनियात साखर जास्त, ती मुळातच गरम जळते, त्यामुळे ती घाई अजिबात सहन करत नाही. पट्टी दोन्ही हातांनी चोळून मोकळी करा आणि कागदावर पसरून ठेवा. चिमटीत दाबून सोडली की भिजवलेल्या पोह्यांसारखी सुटी व्हायला हवी. गोळा झाली तर अजून थांबा, चुरा झाली तर जास्त सुकली.

भरताना तळाला सैल, मध्ये जरा घट्ट, वर आणखी थोडी घट्ट. काडी लावण्याआधी रिकामा झुरका घेऊन बघा, हवा सहज यायला हवी.

प्रतिसाद

वरच्या काकांशी सहमत. दोन गोष्टींची भर घालतो. पाइप हातात धरवत नसेल इतका तापला तर खाली ठेवा, विझला तरी चालेल. विझणं हा काही गुन्हा नाही. पुन्हा पेटवण्यापूर्वी वरची सैल राख झटकून टाका, दट्ट्याने हलकं दाबा आणि दांडीतून एक बारीक फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढा. त्याशिवाय पेटवलंत तर राखेचीच चव येते. आणि गुडगुड ऐकू आली की पाइप क्लीनर दांडीतून आत सरकवून पाणी टिपून घ्या. फक्त पाइप गरम असताना दांडी उपसू नका, सांधा सैल होतो, कधी तडकतोही.

प्रतिसाद

पद्धतीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. धूर छातीत घेतला नाही म्हणजे धोका टळला असं नसतं. तो तोंडात फिरतोच, आणि पाइपने ओठ, जीभ, घसा यांचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. निकोटिनही तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर लगेच दाखवा. आमच्या घरात हे पाहिलेलं आहे म्हणून लिहिलं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा सल्ला लक्षात ठेवतो, आरशात बघून तपासतो.

काका, लाकडी काडी आणून, गुल जळू देऊन पेटवला. गंधकाचा वास खरंच गेला. दोनदा पेटवल्यावर पहिली काही मिनिटं जो गोडवा लागला, तो डब्यातल्या वासाच्या जवळ जाणारा होता. पण दोन अडचणी आहेत. एक, इथे सध्या धो धो पाऊस आहे. काड्या सादळतात, आणि तासभर कागदावर ठेवूनही तंबाखू सुकत नाही, उलट जास्तच नरम वाटते. तव्यावर किंचित गरम केली तर? दुसरी, धुराला मागे व्हॅनिलासारखा वास येतो, जो या तंबाखूचा नाही. भावोजी पूर्वी यात सुगंधी तंबाखू ओढायचे.

प्रतिसाद

तवा नको, ऊनही नको. उष्णतेने ओलीबरोबर तंबाखूचा सुगंधही उडतो. पावसाळ्यात मी एका पाइपापुरतीच तंबाखू काढतो आणि कागदावर पसरून सेट-टॉप बॉक्सवर ठेवतो. तिथे मंद ऊब असते. एसी असेल तर त्या खोलीत ठेवा, हवा कोरडी असते, लवकर काम होतं. उरलेली तंबाखू घट्ट झाकणाच्या नव्या काचेच्या बरणीत भरा. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी तिचा वास राहतो, तिच्यात ठेवू नका. काडेपेटीही तशाच एका डब्यात ठेवा.

व्हॅनिलाचा वास लाकडात मुरलेला आहे. पाइपच्या तोंडात कापूस सैलसर भरा, ड्रॉपरने वोडका किंवा पांढऱ्या रमचे थेंब सोडा, कापूस ओला होईल इतकेच, आणि रात्रभर ठेवा. सकाळी कापूस तपकिरी निघेल. त्याच दारूत भिजवलेला क्लीनर दांडीतून फिरवा. वास उरला तर पुन्हा करा. नंतर तीन-चार दिवस पाइप उघडा सुकू द्या. काही लोक कापसाऐवजी मीठ भरायला सांगतात, पण मीठ दांडीच्या भोकात उतरलं तर लाकूड फुगून तडकतं, म्हणून जुन्या पाइपवर मी तो प्रयोग करत नाही. आणि पुढे कधी लटाकिया ओढावीशी वाटली, म्हणजे ती लाकडाच्या धुरावर धरलेली सायप्रसची तंबाखू, तर तिच्यासाठी वेगळा पाइप घ्या. तिचा वास एकदा बसला की व्हर्जिनियाचा गोडवा त्या पाइपमध्ये पुन्हा लागत नाही.

काळ्या पडलेल्या काठावरून बोट फिरवून बघा. गुळगुळीत लागला तर ती नुसती काजळी आहे, ओलसर सुती फडक्याने हळूहळू पुसली की निघेल. खड्डा किंवा खरखर लागली तर लाकूड जळलंय. तेव्हा पॉलिशपेपर लावू नका. काठाचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.