मदत हवी आहे: ५२ हर्ट्झची हाक सभागृहात खऱ्या वेगाने कशी ऐकवावी?

आमच्या वाचनालयात 'द लोनलिएस्ट व्हेल' (२०२१) हा माहितीपट दाखवला. ५२ हर्ट्झच्या (सेकंदाला ५२ कंपनं, म्हणजे अगदी खालचा सूर) आसपास हाक देणाऱ्या देवमाशाचा हा शोध. अमेरिकन नौदलाच्या पाण्याखालच्या मायक्रोफोनांवर ती हाक १९८९ मध्ये पहिल्यांदा टिपली गेली. प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. काहींचे डोळे भरून आले, तर काही म्हणाले, "मासा दिसलाच नाही, मग बघितलं काय?" मला दुसऱ्यांचीच काळजी जास्त वाटते. हा शोध मुळात कानांचा आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "त्याचा खरा आवाज कसा असतो?" म्हणून पुढच्या महिन्याच्या चर्चेत तो ऐकवायचा आहे.

नेटवर मिळणारं ध्वनिमुद्रण दहापट वेगवान केलेलं असतं. ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी दोन्ही दहापट खाली आणली. फाइल बरोबर झाली असावी, कारण आलेखात आवाज ५२च्या जवळच दिसतो. पण लॅपटॉपवर आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर काहीच ऐकू येत नाही. चांगल्या हेडफोनवर मंद घुमल्यासारखं येतं, पण सगळ्यांना एकदम ऐकवायचं तर त्याचा उपयोग नाही.

साठेक खुर्च्यांचं सभागृह आहे, वर लोक राहतात, त्यामुळे आवाज फार मोठा चालणार नाही. नवं काही विकत घेणं शक्य नाही, एका संध्याकाळपुरतं भाड्याने आणता येईल. मंडपवाल्याकडे बारा इंची आणि अठरा इंची असे दोन सबवूफर (खालचे सूर वाजवणारे स्पीकर) आहेत. मध्यम आवाजात ५२ हर्ट्झ मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचवायला यातला कोणता घ्यावा, आणि तो खोलीत कुठे ठेवावा?