ट्रॉलीच्या टायरला गालावर चिरा पडल्यात, हंगामाला चालतील का?

पंचगंगाकाठ:
मंडळी, कारखाना सुरू व्हायची वेळ आली. आमच्या दोन ट्रॉल्या मार्चपासून खळ्यावर उघड्यावरच उभ्या होत्या. टायर ९.००-२०, नायलॉनचे. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण उन्हाकडच्या बाजूला गालावर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक चिरा दिसतात. टायरवाला म्हणतो पळवा, काय होत नाही. चुलते म्हणतात रिमोल्ड करून घे. सगळेच नवे घ्यायची ऐपत नाही. बांबवड्याकडून ऊस आणायचा, उतार आहेत, दोन्ही ट्रॉल्या एकदम जोडलेल्या. काय करू?

ट्रॅक्टरवाला_०९:
रिमोल्ड कर भावा. आमच्या गावात निम्म्या ट्रॉल्या त्याच्यावरच पळतात.

हवावाले_अण्णा:
रिमोल्डनं नक्षी नवी येते, गाल जुनाच राहतो. तुझी नक्षी चांगली आणि दुखणं गालाला, मग रिमोल्डवर पैसे कशाला घालवतोस? आणि गालाला चिरा असलेला टायर चांगला रिमोल्डवाला परतच पाठवतो.

आधी टायर धुऊन घे. चीर असेल तिथं दोन्ही अंगठ्यांनी रबर ताणून बघ. वरच्या वर जाळी पडल्यासारखी दिसली आणि आत काळंच रबर असलं, तर हवेवर नजर ठेवून चालव. आत दोरा दिसला, किंवा हवा भरल्यावर गालाला फुगा आला, तर तो टायर ट्रॉलीवर नको. मग गालावर चार आकडी शिक्का शोध. ३५१९ असेल तर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला माल. दुकानदार 'नवाच आहे' म्हणून देतो तेव्हाही हाच शिक्का बघायचा, तोंडाकडं बघायचं नाही.

दोनच नवे घेता आले तर दोन्ही एकाच एक्सलला टाक. एकीकडं नवा, दुसरीकडं झिजलेला, असं करू नको.

हवा सकाळी थंड टायरला, मीटर लावून बघायची. टायरवर पाना आपटून आवाज ऐकणारे खूप भेटतील, पण त्या आवाजावरून थोडी कमी हवा कळत नाही. कमी हवेचा टायर भरल्या ट्रॉलीखाली गालात दुमडतो, दुमडून तापतो आणि तिथंच फाटतो. गालावर छापलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही. दुपारी मीटर जास्त दाखवतं म्हणून हवा सोडायचीही नाही, ती तापल्यामुळं वाढलेली असते.

पंचगंगाकाठ:
अण्णा, टायर घरीच खोलू का? जॅक, टॉमी सगळं आहे.

हवावाले_अण्णा:
नको. ह्या रिमला लॉक रिंग असते, टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी. व्हॉल्वच्या आतली पिन काढून पूर्ण हवा गेल्याशिवाय रिंगला हात लावायचा नाही. भरताना रिंग खोबणीत नीट बसली नसली तर ती उडते, आणि समोर माणूस असला तर जीवच जातो. आमच्याकडं चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांब नळीनं हवा भरतात. ज्याच्याकडं पिंजरा नाही त्याच्याकडं जाऊच नको.

घरी करायचं ते सांगतो. रिकामी ट्रॉली जॅकवर घे, जॅकखाली फळी, बाकीच्या चाकांना दगड. चाक वर-खाली धरून हलव. खडखडलं तर बेअरिंग बघ, ग्रीस बदल. नटाच्या भोकातून गंजाची रेघ उतरली असेल तर तो नट ढिला पडलाय. चाक बसवल्यावर पहिल्या खेपेनंतर नट परत आवळायचे, हे कुणी करत नाही.

आणि उतार म्हणालास म्हणून. ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही, सगळं ओझं ट्रॅक्टरला मागून ढकलणार. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरात उतरायचं, न्यूट्रल तर अजिबात नाही. दोन्ही ब्रेक पेडलची पट्टी जोडली का बघ. शेतात सुटी केलेली तशीच राहिली तर एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. हुकाच्या पिनेला क्लिप हवी. तार पिळून घालतात ती धक्क्यानं निसटते.

रात्रपाळी:
मी ट्रॉलीवाला नाही, रात्री मोटारसायकलवर घरी जाणारा. पंक्चर झालं की चाकाला लावलेले दगड ट्रॉली गेल्यावर रस्त्यातच राहतात, तेवढे बाजूला टाका. आणि मागं लोंबणारे वाढे, उसाचे हिरवे शेंडे, कापा. रिफ्लेक्टर असतो, पण वाढ्यांआड काही दिसत नाही. ट्रॉली एकदम समोरच येते.

हवावाले_अण्णा:
बरोबर बोलला. मागं लाल, पुढं पांढरा, बाजूला पिवळा. चिखल बसला की रिफ्लेक्टर नसल्यासारखाच, कारखान्याच्या रांगेत थांबलास की फडकं मार.

पंचगंगाकाठ:
धुऊन बघितले अण्णा. दोन टायरांत दोरा दिसतोय, बाकीच्यांना नुसती जाळी. दोन नवे मागच्या ट्रॉलीच्या एकाच एक्सलला टाकतो. पेडलची पट्टी सुटीच होती.

हवावाले_अण्णा:
जुने दोन विकू नको कुणाला. गोठ्याच्या छपरावर टाक, पत्रे उडायचे नाहीत.