घरातलं शिवणकाम ते स्वतःचं दुकान: मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा

घरात शिंपीकाम, कापड गिरणीतली नोकरी किंवा शिवणक्लास होता आणि त्या जोरावर दोरे-सुया-अस्तराचं चांगल्या मालाचं दुकान काढलंत, अशांसाठी हा धागा. भांडवलाचा आकडा नाही सांगितलात तरी चालेल. कोणता माल ठेवता, कोणता परत पाठवता आणि का, ते मात्र सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

गिरगाव
आजोबा शर्ट शिवायचे. त्यांच्याच पागडीच्या गाळ्यात माझं दुकान आहे. दोरा घेताना ते वीतभर ओढायचे, पीळ उलटा सोडवायचे आणि पदर, म्हणजे आत पिळलेले धागे, मोजायचे. नवा माल आला की मीही तेच करते. सुती म्हणून आलेल्या रिळाचं टोक जाळून बघते. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. शिलाई उसवली की गिऱ्हाईक शिंप्याला बोलतं, दोऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणून हलका दोरा मी ठेवतच नाही, कितीही मागणी असली तरी.

लालबाग
बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली आणि आईच्या ब्लाऊज, फॉल-पिकोवर घर चाललं. बाबांचं कापडाचं ज्ञान काही सुटलं नाही. सुताच्या काउंटचा आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक, हे मी त्यांच्याकडून शाळेच्या आधी शिकलो. आता दुकानात अस्तराचा तागा आला की पहिला हात त्यांचा. दोन्ही मुठींत धरून कापड चोळतात. पांढरी भुकटी झडली तर खळ भरपूर आहे, म्हणजे पहिल्या धुण्यातच अस्तर जाळीसारखं विरळ होणार. असा तागा परत जातो. सुती अस्तर आटतं, त्यामुळे ते भिजवून, वाळवून मगच बेता, हे प्रत्येक ताईला आई स्वतः सांगते. ब्लाऊज आतून आखडला तर कापड कितीही भारी असून उपयोग नाही.

मुलुंड
आत्याचा शिवणक्लास होता. तिची एक सवय मी उचलली: ‘मशीनची सुई द्या’ म्हटलं की आधी मशीन कोणतं ते विचारायचं. घरगुती मशीनला एचए बाय वन जातीची सुई, दांडा एका बाजूने चपटा. कारखान्यातल्या मशीनला डीबी बाय वन, दांडा गोल. साध्या सुती कापडाला 14 नंबर, तलम कापडाला 11, जीन्सला 16. टी-शर्टच्या कापडाला बॉलपॉइंटच, नाहीतर टाके सुटतात.

दादर
सासूबाई नऊवारी शिवतात, मी गल्ला सांभाळते. लेस, बटणं भुलेश्वरहून आणतो. मॅचिंगचा दोरा मात्र गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर, उजेडात नेऊन दाखवते. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि हिरव्यात फसगत होते. उधारी फक्त रोजच्या शिंप्यांना.
एक विचारायचं होतं, गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या सरकारी नोंदणीचं, काय करावं लागतं? पुतणी कांदिवलीला दुकान काढतेय.

गिरगाव
दादरच्या ताई, 2017 च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नव्हती, 2025 मध्ये ती मर्यादा वीस झाली; त्याहून कमी असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. तिची पावती जपून ठेवायला सांगा, बँकेत चालू खातं उघडताना कामी येते. आणि पुतणीलाही इथे लिहायला सांगा.