दयाळाचे गाणे आणि सुगरणीचे घरटे: ऋतू ठरवतो कोण?

केळी उत्पादक, यावल तालुका:
नमस्कार. आमचे शेत सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. हिवाळाभर गप्प असणारा दयाळ मार्च लागला की तांबडे फुटण्याआधीच मोटारघराच्या पत्र्यावर शेपटी उभारून गाऊ लागतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवरच्या सुगरणी मात्र मृगाचा पाऊस झाल्याशिवाय घरटे विणायला घेत नाहीत. गावातील जुनीजाणती माणसे म्हणतात की ऊन तापले की पाखरू गाते. तसे असेल तर सुगरण का थांबते? आणि ज्या वर्षी पाऊस लांबला, त्या वर्षी बाभळीवर नुसत्या टोपीसारख्या अर्धवट घरट्यांच्या टोप्या का लोंबत राहिल्या?

जीवशास्त्र शिक्षक, भुसावळ:
दादा, मूळ कारण ऊन नसून वाढत जाणारा दिवस आहे. पक्षीशास्त्रज्ञ विल्यम रोवन यांनी १९२५ च्या सुमारास कॅनडातील कडाक्याच्या थंडीत जंको नावाच्या लहान पक्ष्यांना विजेच्या दिव्यांनी दिवस लांबवून दिला, तेव्हा भर हिवाळ्यात त्यांच्या प्रजननग्रंथी वाढल्या. हा प्रकाश पक्ष्याच्या डोळ्यांपुरता मर्यादित राहत नाही. कवटीतून थेट मेंदूतील प्रकाशसंवेदी पेशींपर्यंत पोहोचतो, संप्रेरके वाढतात आणि नर गाऊ लागतो. उन्हाचा परिणाम दिसतो तो गाण्याच्या वेळेवर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकत असतो. पहाटे मात्र हवा गार आणि वारा पडलेला असतो, त्यामुळे आवाज लांबवर जातो.

पक्षीनिरीक्षक, चोपडा:
सरांचे म्हणणे बरोबर आहे, पण सुगरणीच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. लांब दिवसांनी नराचे डोके पिवळेधमक होते, शरीर तयार होते; विणायला मात्र लांब, ओली, न तुटणारी पाती लागते, आणि ती बहुतेक पावसानंतरच्या गवतातून किंवा ज्वारी-बाजरीच्या पानांतून निघते. नर पानाच्या कडेला चोचीने खाच पाडतो आणि उडता उडता पट्टी सोलून नेतो. वाळलेले पान असे सोलले जात नाही. पिलांना भरवायला लागणारे किडेही पावसानंतरच मुबलक होतात. टोपीच्या अवस्थेत नर पंख फडफडवून मादीला बोलावतो, ती आत शिरून घरटे पारखते आणि पसंत पडले तरच तो पुढे अंड्यांची खोली व नळी विणतो. पाऊस लांबला तेव्हा पाती आणि खाद्य दोन्ही कमी पडले असणार, म्हणून तुमच्याकडच्या टोप्या तशाच राहिल्या.

शिक्षिका, शहादा:
एक विचारते, भाऊ: मोटारघरावर रात्रभर दिवा जळतो का? जर्मनीतील २०१३ च्या एका अभ्यासात रात्रीच्या अगदी मंद प्रकाशात ठेवलेल्या ब्लॅकबर्ड पक्ष्यांच्या प्रजननग्रंथी सुमारे महिनाभर आधी वाढल्या. पिलांसाठी पुरेसे किडे नसताना नर असा आधीच तयार झाला तर पक्ष्यांची ओढाताण होते. तेव्हा दिवा गरजेपुरताच लावावा आणि त्यावर झाकण बसवून उजेड खाली वळवावा, ही कळकळीची विनंती.