कुत्रा चावल्यावर रक्त तपासून रेबीज कळतो का?

प्रश्न (जत तालुका)
आमच्या वस्तीवर मेंढरे राखणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बोटाला परवा एका अनोळखी कुत्र्याने कडकडून चावा घेतला आणि घरच्यांनी रक्त थांबवण्यासाठी जखमेत चुना भरला. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मिळाली, मात्र सीरमसाठी, म्हणजे विषाणूला लगेच रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनसाठी, सांगलीला जाण्यास सांगितले. मजुरी बुडवून तेथे जाण्यापूर्वी रक्त तपासून रोगाची लागण झाली आहे का ते पाहता येईल का, असे त्याचे वडील विचारतात.

प्रतिसाद (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सातारा)
नाही. हा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, त्यामुळे लक्षणे दिसेपर्यंत कोणत्याही तपासणीत तो सापडत नाही. आणि लक्षणे दिसल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. तेव्हाही लाळ, मानेवरील त्वचेचा तुकडा असे नमुने पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात, ते तपासणाऱ्या बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेसारख्या प्रयोगशाळा मोजक्याच आहेत, आणि अहवाल नकारात्मक आला तरी रेबीज नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून उपचार चाव्यावरूनच ठरतात. रक्त आले, म्हणजे सीरम हवेच. लसीने प्रतिकारशक्ती तयार होण्यास आठवडाभर तरी लागतो आणि तोवरची भिस्त जखमेत टोचलेल्या सीरमवर असते. ते पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आतच द्यायचे असते. बोटात मज्जातंतू दाट असल्याने ही जखम अधिक धोक्याची आहे. चुना काढून साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे जखम आताही धुवावी.

प्रतिसाद (आटपाडी)
यात एक भर. काही रुग्णांत पाण्याची भीती न दिसता पायांपासून लुळेपणा चढत जातो आणि डॉक्टरांना गुलियन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची शंका येते. त्यात चावा काही महिन्यांपूर्वीचा, तोही पिलाचा असला, तर घरचे तो सांगतच नाहीत. आमच्याकडील मेंढपाळ व ऊसतोड कुटुंबांची दुसरी अडचण म्हणजे त्वचेत टोचायच्या लसीच्या 0, 3, 7 आणि 28 व्या दिवसाच्या मात्रा. शेवटच्या मात्रेपर्यंत बिऱ्हाड दुसऱ्या तालुक्यात गेलेले असते. लस दुसऱ्या सरकारी केंद्रातही घेता येते, फक्त कार्ड जपून ठेवावे. ज्या केंद्रात लसीसाठी शीतपेटी आहे, तेथे सीरमच्या चार कुप्या का ठेवत नाहीत, हे मला आजवर उमगलेले नाही.

प्रश्नकर्ता
तालुक्याच्या रुग्णालयात सीरम असल्याचे फोनवर कळले. उद्या सकाळच्या एसटीने त्याला नेतो.

प्रतिसाद (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सातारा)
सीरमची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा तेथे त्याचे वजन करायला लावा. उद्या तिसऱ्या दिवसाची लसही असेल. ती त्याच फेरीत घ्या.