चाल झकास, पण शब्दांचं काय?

नौपाडेकरीण: वर्षानुवर्षं गुणगुणलेल्या गाण्याचे शब्द एके दिवशी अचानक कानात शिरतात आणि आपण लोकलमध्ये एकटेच हसत सुटतो. तसलं गाणं सांगा. अट एकच, गाणं आवडतं हवं.

माझं 'एक दो तीन', 'तेजाब', १९८८. माधुरी नाचत असताना हिशेब कोण तपासतो म्हणा! चौदा तारखेला निरोप येतो, पंधराला येतो म्हणून. पुढच्याच ओळीत बाईंची तक्रार, चौदाला आला नाहीस, पंधरालाही नाहीस. अहो, चौदाला तो येणारच नव्हता!

वाशीचा बँकवाला: आणि तरी सोळाला सोळा शृंगार. आमच्याकडे दोन तारखा चुकवणाऱ्याला नोटीस जाते.

कोपरीकर: कोंबडी पळाली, तंगडी धरून लंगडी घालायला लागली. तंगडी धरायला हात कुठून आणले? अजय-अतुलनी हीच चाल पुढे 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली'ला दिली. ती पव्वा चढवून येते. निदान तोल जाण्याचं कारण तरी कळतं.

घणसोली गाव: आमच्या आगरी हळदीत या. आधी बँजो, मग डीजे. 'दबंग २'मधलं ते फेविकॉलचं गाणं लागलं की दुसरीतली नात स्वतःला तंदुरी मुर्गी म्हणवत ठुमके मारते आणि आत्या, काकू, मावश्या टाळ्या पिटतात. त्या मुर्गीला कशाबरोबर गटकायचंय, तेही पोरीला पाठ! सूनबाई चिडली, डीजेवाल्याला म्हणाली, "दादा, जरा घरातलं लाव." त्याने आनंद शिंदेंचा नवीन पोपट लावला. आता हे सोवळ्यातलं झालं का? पोरं बिचारी खऱ्या पोपटासारखे हात फडफडवत होती. खाली बघून हसत होती ती सगळी मोठी माणसं.

नेरूळ पश्चिम: 'हसीना मान जायेगी', १९९९. मोबाइल नंबर समजला, पण 'स्टाइल नंबर' कुठल्या गॅलरीत मिळतो?

खारीगावची शिलाईवाली: गदिमांची माफी मागून. 'झुकझुक आगीनगाडी'तला मामा रेशीम घेतो हजार वार, कशाला, तर कोट-विजारीला. भाच्याचं माप घ्या, सैल शिवा, चार वारांच्या वर कापड लागत नाही. उरलेल्याचं काय? १८५३ साली बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली आगीनगाडी आली, तिच्यात चारशे पाहुणे होते म्हणतात. माणशी अडीच वार पडतं. त्या सगळ्यांचे कोट झाले असते! शिलाई कोण देणार, ते मामालाच विचारा.

ऐरोली सेक्टर आठ: 'मेरे पिया गये रंगून', 'पतंगा', १९४९. आबा टेलिफोन खात्यात होते, गाणं त्यांचं लाडकं. तरी दर वेळी करवादायचे. ट्रंक कॉलचे दिवस, लाइन मिळायची मारामार. रंगूनहून थेट देहरादून लागतं, आणि गडी काय सांगतो? तुझी आठवण छळते. तब्येत नाही, पैसे पाठवल्याचं नाही, परत कधी येतो तेही नाही. "संपली याची तीन मिनिटं," म्हणायचे आणि रेडिओचा आवाज वाढवायचे.