२९ आठवड्यांची जन्मलेली मुलगी अजून मान धरत नाही: वाट पाहावी का?

चिमणीची आई (बार्शी):

माझी मुलगी २९ आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मली. जन्माच्या वेळी तिचे वजन १,१८० ग्रॅम होते आणि ती ४६ दिवस एनआयसीयूमध्ये (नवजात अतिदक्षता विभागात) होती. आज तिला २६ आठवडे झाले. ती हसते, माझा आवाज ओळखते, लाल बांगडी हलवली तर तिच्याकडे डोळे फिरवून बघते. मात्र उभे धरले की थोडा वेळ मान सावरते आणि मग ती पुढे कलंडते. माझ्या जाऊबाईंची मुलगी त्याच आठवड्यात, पण पूर्ण दिवसांची जन्मली. ती पालथी पडते आणि खुळखुळा ओढून घेते. सासूबाईंचे म्हणणे असे की रोज टाळू भरावी, मालिश जोरकस करावी, म्हणजे मान आपोआप धरेल.

सुट्टीच्या कागदावर "डोक्याची सोनोग्राफी: डावीकडे ग्रेड १ रक्तस्राव" असे लिहिले होते. त्या दिवशी कोणी त्याचा अर्थ सांगितला नाही आणि मीही विचारले नाही. घरी येऊन वाचल्यावर मात्र झोप उडाली. गावातले डॉक्टर म्हणतात, वर्षाची होऊ द्या, मग पाहू. खरोखर थांबावे का?

नवजात विभाग (बालरोगतज्ज्ञ):

ताई, आधी वयाचा हिशेब नीट करू. गर्भाचे ४० आठवडे धरले तर आपली मुलगी ११ आठवडे आधी आली. जन्मापासूनच्या २६ आठवड्यांतून ते ११ वजा केले की १५ आठवडे, म्हणजे साधारण साडेतीन महिने उरतात. विकासाच्या टप्प्यांसाठी हेच ‘सुधारित वय’ धरायचे असते आणि ही पद्धत दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पाळली जाते. साडेतीन महिन्यांच्या बाळाची मान क्षणभर सावरून कलंडणे यात वावगे काही नाही. जाऊबाईंच्या मुलीशी तुलना करायचीच असेल, तर ती अडीच महिन्यांपूर्वी काय करत होती ते आठवावे. लसीकरणाला मात्र ही वजाबाकी लागू नाही. लसी जन्मतारखेपासूनच मोजून द्यायच्या. हा गोंधळ मी दर आठवड्याला पाहतो.

आता रक्तस्रावाविषयी. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या कडेला एक पेशीसमृद्ध थर असतो, जिथून मेंदूच्या नव्या पेशी तयार होऊन बाहेरच्या दिशेने सरकतात. तिथल्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात, त्यांना भोवतालचा आधार कमी असतो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रक्तदाबातले चढउतार मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी सावरता येत नाहीत. म्हणून तिथे रक्त झिरपते, आणि बहुतेक वेळा ते पहिल्या तीन दिवसांतच घडते. पूर्ण दिवस भरत आले की हा थर स्वतःच विरून जातो. ग्रेड १ म्हणजे रक्त त्या थरापुरतेच राहिले, पोकळीत उतरले नाही. अशी बहुतेक मुले पुढे चांगली वाढतात.

तरीही त्या एका ओळीपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. गर्भाच्या २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात मेंदूतल्या तंतूंवर वेष्टण चढवणाऱ्या पेशी अजून कच्च्या असतात आणि प्राणवायूची कमतरता किंवा जंतुसंसर्ग यांनी त्यांना इजा होऊ शकते. ती इजा पहिल्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसेलच असे नाही. तिचे पुटकुळ्यांसारखे डाग उमटायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून गर्भाचे ४० आठवडे भरण्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी झाली होती का, हे कागदांत पाहावे.

वर्षभर थांबण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. मुलगी मागे आहे म्हणून नव्हे, तर एक चांगली तपासणी नेमक्या आत्ताच्या वयात होते म्हणून. सुधारित वयाच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात निरोगी बाळ पाठीवर शांत पडलेले असताना मान, खांदे, मनगटे आणि घोटे यांच्या बारीक, गोलसर, सतत चालू असणाऱ्या हालचाली करते. त्या दिसल्या तर सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडण्याची) शक्यता फार कमी होते. न दिसल्या तर वर्ष संपण्याची वाट न पाहता व्यायामोपचार सुरू करता येतात. पाचवा महिना उलटला की हात लांबवून वस्तू पकडण्यासारख्या हेतूपूर्वक हालचाली वाढतात आणि ही खूण वाचता येत नाही.

बालफिजिओ (नाशिक):

वरील उत्तराला माझ्याकडून मालिशीपुरती पुस्ती. वजन नीट वाढत असेल तर हलक्या हाताची मालिश चांगलीच आहे. स्पर्श आणि ऊब बाळाला मानवते. पण मालिशीने मान धरत नाही. मान धरते ती पालथे पडून डोके उचलण्याच्या सरावाने. बाळ जागे असताना, पोट भरल्यानंतर काही वेळाने, दिवसातून अनेकदा दोन-तीन मिनिटे आपल्या छातीवर किंवा सतरंजीवर पालथे ठेवावे; झोपताना मात्र उताणेच. टाळूवर तेलाचा हात फिरवायला हरकत नाही, दाबायचे मात्र नाही, आणि नाकाकानांत तेल सोडायचेच नाही. हातपाय ताणून कडकडा मोडणाऱ्या मालिशवाल्या बाईंना नम्रपणे रजा द्यावी. पुढे बाळ बसू लागले की कोणीतरी चाकांचा वॉकर भेट देईलच. तो परत करावा. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा बरा, कारण तो बाळाला स्वतः उभे राहूनच ढकलावा लागतो.

मूठ सतत मिटलेली आणि अंगठा आत दुमडलेला राहणे, उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणे, किंवा एकच हात वापरणे, यांतले काही दिसले तर ताबडतोब दाखवावे. वर्षाच्या आत डावखुरेपण किंवा उजवेपण ठरत नसते. एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्या हाताची चौकशी करायची असते.

पेटीतल्या पिल्लाचा बाबा:

आमचा मुलगा ३० आठवड्यांचा, आता दुसरीत आहे. एक अनुभव सांगतो. त्याच्या कानांची पहिली, ओएई तपासणी ठीक आली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पाठपुराव्याच्या वेळी डॉक्टरांनी बेरा, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहणारी तपासणी, करून घ्यायला सांगितले. कान ठीक असूनही कानापासून मेंदूपर्यंतच्या मज्जातंतूत दोष असू शकतो आणि तो ओएईत कळत नाही, असे त्यांनी समजावले. आमचा निकाल चांगला आला. आपली बेरा झाली नसेल तर लवकर करून घ्यावी. दुसरे म्हणजे, मी स्वतः शर्टाची बटणे उघडून त्याला रोज छातीशी बांधत असे. सुरुवातीला आमच्या आईला ते विचित्र वाटे, आठवड्याभरात तीच विचारू लागली, "आज बांधलं नाहीस का रे?"

चिमणीची आई:

सर्वांचे आभार. ४० आठवड्यांची सोनोग्राफी झाली होती, तिच्यात काही दोष नाही असे लिहिले आहे. डोळ्यांचा पडदा दोनदा तपासला आणि पूर्ण वाढल्याचे सांगितले. बेरा झालेली नाही. मान धरली, चालू लागली, की मग दाखवणे थांबवायचे का?

नवजात विभाग:

नाही, ताई. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात नवजात विभागातून घरी गेलेल्या, २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा पाठपुरावा त्यांच्या वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत केला गेला. बाराव्या वर्षी त्यांची सरासरी बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेत होती, पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी, आणि वाचन व गणित यांत अडचणी अधिक होत्या. अशा गोष्टी चालण्या-बोलण्याच्या वयात दिसत नाहीत, शाळेत गेल्यावर दिसतात. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि शाळेत घालण्याच्या सुमारास एकदा नक्की दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रे आहेत. श्रवण, दृष्टी आणि फिजिओथेरपी या सोयी तिथे एका छताखाली मिळू शकतात.

बेराची वेळ उद्याच घ्यावी. हालचालींच्या तपासणीसाठी प्रवास जमेपर्यंत घरी एक व्हिडिओ करून ठेवावा: मुलगी जागी आणि शांत असताना, हातपाय उघडे ठेवून तिला उताणे झोपवावे, जवळ खेळणे किंवा बोलणारे माणूस नको, आणि वरून तीन ते पाच मिनिटे सलग चित्रण करावे. ती रडू लागली तर तेवढ्यावर थांबून नंतर पुन्हा घ्यावे. रडतानाच्या चित्रणातून काही सांगता येत नाही.